गाडी पाणी पीत नाही

जुन्या गाडीचा मालक ओळखायचा असेल तर सकाळी तो गाडी बाहेर काढताना बघावा. नव्या गाडीवाला पुढे बघतो. जुन्या गाडीवाला चार फूट पुढे जाऊन थांबतो, खिडकीतून मान बाहेर काढतो आणि गाडी रात्रभर जिथे उभी होती त्या फरशीकडे बघतो. तिथे डाग असतोच. प्रश्न एवढाच, की कसला. काळपट असेल तर ऑइल. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. नुसतं पाणी असेल तर एसीचं. त्याचा उलट अभिमान वाटतो, कारण एसी चालतो याचा तो पुरावा. हिरवट, बोटाला चिकट लागणारा आणि गोडसर वासाचा थेंब मात्र कूलंटचा. आमच्या मारुती ८०० चा एसी गेली कित्येक वर्षं निव्वळ बटण म्हणून उरला आहे, त्यामुळे ‘एसीचं असेल’ ही पळवाट आम्हाला बंद आहे.

गळती ही आपल्याकडे दुरुस्त करायची नव्हे, सवय करून घ्यायची गोष्ट. नळाखाली बादली, कौलाखाली पातेलं आणि डिकीत पाण्याचा पाच लिटरचा कॅन. आमच्या एका मामांनी असा कॅन बाळगून निम्मा महाराष्ट्र पालथा घातला. “आमची गाडी घाटात थोडं पाणी पिते,” असं ते सांगत, ते नातवाच्या भुकेचं कौतुक सांगावं त्या सुरात. पुणे-कोल्हापूर रस्त्यावरचा प्रत्येक नळ त्यांना ठाऊक. शिरवळला कुठला हॉटेलवाला चहा न घेता पाणी भरू देतो, खंबाटकी चढायच्या आधी कुठे थांबायचं, कोणत्या पंपावरचं पाणी क्षारांचं म्हणून टाळायचं, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात पक्का होता. गळका पाइप बदलला असता तर हे सगळं ज्ञान वाया गेलं असतं.

मामांच्या पंथाची कुलस्वामिनी शोभेल अशी बाई १८८८ साली जर्मनीत गाडी घेऊन निघाली होती. बर्था बेंझ. नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझने, मोटार बनवली खरी, पण ती विकायची कशी हे काही त्याला उमगेना. तेव्हा त्याला न सांगता बाई दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटरवर, चक्क माहेरी निघाल्या. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली, आणि वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरलं. मात्र त्यांची बाजू खरी होती. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडूनच जायचं, तिची रचनाच तशी होती. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला. तेच पाणी इंजिनातून तापून यावं, वाऱ्याने निवावं आणि परत आत जावं, अशी सोय झाली. गाडीत वरचेवर पाणी भरायचं कारण तेव्हाच संपलं. मामांपर्यंत ही बातमी पोचायला अजून वेळ आहे.

आमच्या मिस्त्रीने ती एका वाक्यात पोचवली. मी म्हटलं, “हल्ली जरा पाणी पितेय.” तो म्हणाला, “साहेब, गाडी पाणी पीत नसते. जातंय कुठंतरी.” मग इंजिन गार आहे याची खात्री करून त्याने रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप क्लिपपाशी चिमटीत धरून दाबला. बाकी पाइप घट्ट, तिथेच तेवढा लिबलिबीत. वरून काळाभोर आणि धडधाकट दिसणारा हा पाइप आतून फाटत येतो. कूलंट आणि इंजिनातले वेगवेगळे धातू यांच्यामुळे एक अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो, रबराला आतून बारीक भेगा पाडतो, आणि त्याही बहुतेक टोकांपाशी. त्यामुळे बाहेरून फडक्याने कितीही चमकवला तरी पाइपचं वय कळत नाही.

बॉनेट उघडं दिसलं की आपल्याकडे माणसं जमतात. एकाने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायला सांगितलं, दुसऱ्याने एम-सील. निवृत्त काकांनी हळदीचा उपाय काढला: रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद. यात तथ्य आहे. हळद बारीक छिद्रात जाऊन बसते आणि गळती काही काळ थांबते. पण नको तिथेही ती तितक्याच निष्ठेने बसते. रेडिएटरच्या नळ्या आणि थर्मोस्टॅट तिला परके नाहीत. शिवाय चिरलेल्या पाइपला हळद लावून काही साधत नाही. ट्यूबच्या पट्टीवर फार तर गॅरेजपर्यंत जाता येतं, कारण तापलेल्या इंजिनात पाणी नुसतं वाहत नाही, दाबाखाली असतं. रेडिएटरचं झाकण कुकरच्या झाकणाचंच काम करतं. दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, साधारण वीसेक अंश पुढे जातं. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण उघडू नये. उघडलं की दाब जातो, पाणी त्या क्षणी उकळतं आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं.

पाइप आणायला नाना पेठेत गेलो. दुकानदाराने एकामागून एक विचारलं: कार्ब्युरेटरवाली का एमपीएफआय? वरचा का खालचा? सॅम्पल आणलंय का? या शेवटच्या प्रश्नात सगळी मेख आहे. सॅम्पल गाडीला लावलेलं असतं, आणि ते काढलं की गाडी चालत नाही. म्हणजे गाडीचा पाइप आणायला रिक्षाने जायचं, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना पाइप घेऊन. तो मी नेला होता. “ओरिजिनल देऊ का लोकल?” मी विचारलं, “फरक काय?” तो म्हणाला, “पैशाचा.” मी ओरिजिनल घेतला, कारण या पाइपला घडवतानाच दिलेलं वळण असतं. सरळ पाइप वाकवून बसवला तर नेमका वळणावर चिमटतो आणि पाणी अडतं. पाइप काही शे रुपयांचा. तो न बदलता इंजिन तापू दिलं तर हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि खर्चाचा आकडा हजारांत जातो. १९८३ च्या डिसेंबरात पहिली आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची ८०० बाहेर पडली. तरी तिचा पाइप अजून पहिल्याच दुकानात मिळतो, हे मला या गाडीचं सर्वांत मोठं मोठेपण वाटतं.

दुकानात नेण्याआधी तो जुना पाइप सुटला कसा हे मात्र पाहण्यासारखं होतं. वर्षानुवर्षं एका जागी बसून तो रेडिएटरच्या तोंडाशी एकजीव झालेला असतो. ओढला, पिळला, स्क्रू ड्रायव्हरने उचकटला, तर तो सुटायच्या आधी रेडिएटरचं तोंड तुटतं. मिस्त्रीने असलं काही केलं नाही. सरळ ब्लेड घेऊन पाइपला लांबीत चीर दिली आणि साल काढावी तसा अलगद काढून घेतला. तोंडावर साचलेला पांढरा क्षार घासून काढला. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे आणि एके काळी ते गाडीलाही पाजलं गेलं होतं, त्याचा हा हिशेब. मी परतल्यावर नवा पाइप तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे सरकवला आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे आवळली. ही स्क्रूने आवळायची क्लिप लम्ली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने १९२१ साली काढली. शंभर वर्षांत तिच्यात कुणाला फार सुधारणा सुचलेली नाही. बिघडवण्याचा मार्ग तेवढा एक आहे, गरजेपेक्षा जास्त आवळणे. तसं केलं की ती रबरात रुतते.

मग कूलंट भरायचं, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धंअर्धं. आणि आत अडकलेली हवा काढायची. झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करायचं आणि हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे त्याच्या नळ्यांतली हवाही निघते. हे काम वैशाखात चालू होतं. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे पाणी ऐंशीच्या पुढे तापेपर्यंत, गाडीत कुणीतरी बसून काट्यावर नजर ठेवायची होती. मिस्त्रीने अत्यंत आदराने मला आत बसायला सांगितलं. बाहेर चाळीस अंश, आत हीटर. या गाडीला हीटर आहे हे मला तोवर आठवतही नव्हतं, आणि तो उत्तम चालतो. रेडिएटरमधून बुडबुडे येत होते, पातळी खाली जात होती, मिस्त्री सावलीत उभा राहून थोडंथोडं ओतत होता. मामांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की घाटात गाडी तापली तर तेही हीटर लावत. मामी ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसत. उपाय मात्र खरा आहे. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाते.

काट्याबद्दल मिस्त्रीने एक गोष्ट सांगितली ती जुन्या गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावी. पाणी कमी झालं की काटा वर जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाणी पूर्ण गेलं की तो कधीकधी खाली येतो, कारण त्याचा सेन्सर पाण्यात नसून हवेत लोंबत असतो. माणूस ‘गार झाली’ म्हणून खूश होतो आणि एक्सिलरेटर दाबतो.

तुम्ही पाइप बदला किंवा कॅन बाळगा, एक विनंती आहे. फरशीवर सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका. आधी फडक्याने टिपून घ्या, मग भरपूर पाणी ओतून जागा धुऊन टाका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसं चाटलं तरी मांजराचा किंवा कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. सोसायटीतली मांजरं गाडीखालीच झोपतात, आणि कुठल्या गाडीखाली झोपावं हे ठरवताना ती मॉडेलचं साल बघत नाहीत.