रस्त्याकडची बाजू तेवढी दगडी

नव्या बंगल्याच्या अंदाजपत्रकात सगळ्यात खाली, पेनाने घातलेली एक ओळ असते: 'एलेव्हेशनचा दगड'. पुढे गोल आकडा. तो आर्किटेक्टने काढलेला नसतो, मेव्हण्याने काढलेला असतो. मेव्हण्याने दुकानात चौरस फुटाचा भाव विचारून भिंतीच्या लांबी-उंचीला गुणलेलं असतं.

गुणाकार बरोबर असतो. पण दगड आपण होऊन भिंतीवर चढत नाही. गुळगुळीत गिलावा ठोकून खरबरीत करायचा, परांची बांधायची, चिकटवायचं केमिकल गोण्यांनी आणायचं, उंचावर क्लॅम्प ठोकायचे, दरजा भरायच्या, वरून सीलर मारायचा. शिवाय कापताना फुकट जाणारा माल दहाएक टक्के. कोपरे आणि खिडक्यांच्या कडा रनिंग फुटाने वेगळ्या. आणि बंगला म्हटला की कोपरेच कोपरे. आर्किटेक्टला सरळ भिंत बघवत नाही.

वजनाचं तर कोणी नावच काढत नाही. आपला काळा दगड 20 मिलिमीटर जाडीचा घेतला तरी चौरस फुटाला पाच किलोच्या वर भरतो. म्हणजे 10 बाय 10 फुटांच्या भिंतीवर अर्ध्या टनाहून जास्त माल, तोही उभ्या भिंतीला चिकटून. काटकसर नेमकी तिथेच सुचते: 'केमिकल कशाला, सिमेंटची स्लरी लावा की!' दोन पावसाळे जातात. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि काळ्या भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. मालक म्हणतो, दगडच हलका निघाला. सह्याद्रीत साडेसहा कोटी वर्षं काढलेला दगड, आणि हलका म्हणे!

कोकणात वेगळीच गंमत. तिथे अख्ख्या जांभ्या चिऱ्याची भिंत उभी करतात आणि हौसेने गिलावा करून तिला पिस्ता रंग देतात. पुण्यात विटांची भिंत बांधतात, गिलावा करतात आणि त्यावर जांभ्याच्या बोटभर जाडीच्या कापट्या चिकटवतात. विटांच्याच भिंतीवर विटांच्या कापट्या लावणारेही आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलणार!

दगडाची पाळी येईपर्यंत पैसे संपलेले असतात, हे ओघानेच आलं. बँक कर्ज देते ते जोतं, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी, आणि शेवटचा हप्ता मॉड्युलर किचनने गिळलेला असतो. मग रस्त्याकडची बाजू दगडी होते आणि बाकीच्या तिन्ही बाजूंना त्याच छटेचा रंग. शेजाऱ्याच्या गच्चीवरून बघितलं की घराने नुसताच मुखवटा घातलेला दिसतो. गिलाव्याची परांची उतरवण्याआधीच दगड लावून घेतला असता, तर निदान ती दुसऱ्यांदा बांधण्याचं भाडं वाचलं असतं. पण तेव्हा घरात रंगांची कॅटलॉगं चाळणं चालू असतं.

एकदा ठेकेदाराला विचारून बघा: मटेरियल, मजुरी, परांची, कोपरे, वाया जाणारा माल आणि जीएसटी, सगळं धरून लावून किती? आणि कागदावर लिहून द्या. तो जरा वेळ भिंतीकडे बघतो, मोबाईलवर काहीतरी आकडेमोड करतो आणि म्हणतो, "साहेब, टेक्श्चर पेंट का करत नाही तुम्ही? लांबून अगदी दगडासारखा दिसतो."