ठणठणीत काका

ढाणकीच्या आठवडी बाजारात तुम्ही माठ हातात घेतला की ठणठणीत काका न बोलावता हजर. रेशनकार्डावर त्यांचं दुसरं काही नाव असेलही, गावाच्या तोंडी ते नाही. माठ डाव्या तळव्यावर तोलायचा, मधलं बोट वाकवून पेराने ठोकायचं आणि डोळे मिटायचे.

"बद्द वाजते. चीर हाये."

"कुठं हाये? दाखवा," कुंभारीण कमरेवर हात ठेवते.

"दिसली असती तर वाजवला असता कशाला?"

आणखी पाच-सहा माठ ठोकून झाले की एखाद्याच्या नशिबी 'ठणठणीत' येतं. गिऱ्हाईक तो नेतं, काका पुढच्या दुकानी. स्वतः त्यांनी माठ विकत घेतलेला कोणी पाहिला नाही.

टरबुजापाशी हे शास्त्र उलटं चालतं. ठणठणीत वाजलं ते कच्चं, बद्द वाजलं ते पिकलेलं. काकांना हे पक्कं ठाऊक आहे, पण स्वतःच्या तोंडाने 'बद्द'ची शिफारस करणं जिवावर येतं. म्हणून टरबूज ते न बोलता पुढे सरकवतात.

पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तिथे मुलाच्या पाठीवर थाप मारली. मुलगा खोकला. सोयरीक बारगळली. देशाची घसरण कधी सुरू झाली याचंही साल त्यांच्याकडे आहे: 1940. त्या वर्षी सरकारने रुपयातली चांदी बारापैकी अकरा भागांवरून निम्म्यावर आणली. 1947 चा निकेलचा रुपया तर ते पैशांत धरतच नाहीत.

आणि शब्द तरी कसा निवडलाय! आजारातून उठलेला माणूस ठणठणीत, वैशाखात आटलेली विहीरही ठणठणीतच कोरडी. त्यामुळे काकांना खोटं बोलावंच लागत नाही. उसने मागायला आलेला "कसं काय, काका?" विचारतो. "ठणठणीत!" तो तब्येत समजून खूश होतो आणि खिसा समजल्यावर परत जातो.

गेल्या पावसाळ्यात खोकला हटेना, म्हणून मुलाने त्यांना उमरखेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीवर एक बोट ठेवून दुसऱ्याने ठोकायला सुरुवात केली, तसे काका खुलले. (ही विद्या 1761 साली ऑस्ट्रियातल्या आउएनब्रुगर या डॉक्टरने पुस्तकात मांडली. बाप खाणावळवाला, दारूची पिंपं ठोकून किती भरलीत ते पाहायची घरची रीत, असं सांगतात. म्हणजे काकांच्या भावकीतलाच.)

"उजवीकडे खाली आवाज जरा बद्द येतोय," डॉक्टर म्हणाले. "एक्स-रे काढून पाहू."

काकांनी डोळे उघडले. "पाहायचंच होतं तर वाजवलं कशाला?"

बाहेर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, पैसे आहेत ना?"

काकांनी सदऱ्याच्या खिशावर थाप मारली. "ठणठणीत!"

तिने लगेच पावती फाडली. पैसे मुलाने भरले.