चार्जिंगला नंबर लावण्याची रीत

विजेवर चालणारी मोटार घेतल्याबद्दल अभिनंदन. हिरवी नंबरप्लेट, पाच टक्के जीएसटी, अटल सेतूवर टोलमाफी आणि शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या, एवढं सगळं आपल्या पदरात पडलं आहे. शोरूमवाल्याने एकच गोष्ट सांगितली नसेल. गाडीबरोबर आपण एका रांगेचं आजीव सभासदत्वही घेतलं आहे. प्रस्तुत मार्गदर्शिका त्या रांगेतल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या सभासदांसाठी आहे. डोंबिवलीकरांनी वाचायला हरकत नाही. फक्त इकडे चार्जिंगला येऊ नये.

मुळात रांग का लागते? केंद्र सरकारने २०१९ साली इमारतींच्या आदर्श नियमावलीत दुरुस्ती करून नव्या इमारतींमध्ये पार्किंगच्या २० टक्के जागेत चार्जिंगची तरतूद सुचवली. आपली इमारत त्याच्या आधीची आहे. कदाचित ती स्वतःच्या नकाशाच्याही आधीची असेल. अशा इमारतीत आपण सोसायटीकडे एका पॉइंटची परवानगी मागता, तेव्हा सभेत ठरलेल्या क्रमाने चार आक्षेप येतात. लोड वाढेल. पाण्याचा पंप बंद पडेल. आग लागली तर जबाबदार कोण? आणि शेवटी सेक्रेटरींचा हुकमी एक्का: "आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील." यावर कोणापाशीही उत्तर नसतं, कारण ते खरं असतं.

मग काही सभासद तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममधून वायर खाली सोडतात. असं करू नये. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी रात्रभर, आठ-दहा तास, सलग तीनेक किलोवॅट ओढत राहते. इस्त्रीसाठी आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्यात वितळतो. शिवाय अर्थिंग धड नसेल तर गाडीबरोबर आलेला चार्जर बहुधा वीज घ्यायलाच नकार देतो. बिल्डरने दिलेलं अर्थिंग फक्त माहितीपत्रकात होतं, हा शोध कित्येक इमारतींना पहिल्या विद्युत मोटारीमुळे लागतो. तर वायर गुंडाळावी, गाडी बाहेर काढावी आणि सार्वजनिक चार्जर गाठावा. पेट्रोल पंपाचा कोपरा, हॉटेलचं आवार, मॉलचं तळघर, जिथे असेल तिथे.

तिथे वागायचं कसं, याचे नियम नव्याने करण्याची गरज नाही. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला तुटपुंजी जागा अनेकांत कशी वाटायची, हे शिकवायला जाऊ नये. मध्य रेल्वेच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार झालेला कायदा आपल्याकडे आहे. तो फक्त चार्जरला लावायचा आहे.

पहिली गोष्ट विचारण्याची. डब्यात उभा असलेला बसलेल्याला विचारतो, "कुठे?" तो म्हणतो, "घाटकोपर." विचारणारा मान हलवतो आणि त्या क्षणापासून घाटकोपरच्या पुढे ती सीट त्याची होते. कागद नाही, सही नाही. साक्षीला डबाभर माणसं. चार्जरवर हाच प्रश्न "कितीपर्यंत?" असा विचारावा. "अजून किती वेळ?" असं कधीही विचारू नये. वेळ गाडीच्या पडद्यावर एक दिसते, ॲपमध्ये दुसरी आणि मालकाच्या मनात तिसरी असते. टक्क्यांच्या बाबतीत निदान पडदा आणि ॲप यांचं एकमत होतं.

उत्तरं चार प्रकारची येतात. "ऐंशी" म्हणणारा सज्जन. त्याला चहा विचारावा. "हे काय, झालंच" म्हणणाऱ्याचे बासष्ट झालेले असतात. "बघू" म्हणणारा माणूस डब्यात "कुठे?" विचारल्यावर खिडकीबाहेर बघणाऱ्यांपैकी आहे, त्याच्यानंतरचा नंबर लावण्यात अर्थ नाही. आणि चौथा म्हणतो, "शंभर."

शंभरवाल्याला विज्ञान समजावून सांगावं लागतं. बॅटरी रिकामी असताना वीज भराभर घेते. ऐंशीच्या आसपास पेशींचा व्होल्टेज मर्यादेला टेकू लागतो आणि त्या खराब होऊ नयेत म्हणून गाडीच करंट कमी करत जाते. त्यामुळे जलद डीसी चार्जरवर शेवटच्या वीस टक्क्यांना बऱ्याच गाड्यांत आधीच्या पन्नास-साठ टक्क्यांइतकाच वेळ लागू शकतो. म्हणजे उतरायचं ठाण्याला, पण सीट मिळाली आहे म्हणून सीएसएमटीपर्यंत बसून राहायचं, असा हा प्रवासी. काही शंभरवाले सांगतात, "कंपनीनेच पूर्ण भरायला सांगितलंय." ते खरंही असतं. एलएफपी पेशींच्या गाड्या अधूनमधून पूर्ण भराव्यात असं कंपन्या म्हणतात. पण ते पुण्यकर्म रात्री, एसी चार्जरवर, कोणी ताटकळत नसताना करावं. अपवाद एकच: रात्रीचा घाट चढून कोल्हापूर किंवा नगरकडे निघालेल्याला शंभर माफ. पुरावा म्हणून मागच्या सीटवरच्या बॅगा आणि उशा दाखवाव्यात.

आता चौथ्या सीटकडे येऊ. तिघांच्या बाकावर चौथा माणूस अर्धं बूड टेकतो आणि बाकीचे तिघे सरकून घेतात. न सरकणाऱ्याकडे सगळा डबा बघतो. चार्जरवरही चौथी सीट असते. पुष्कळ ठिकाणी एकाच साठ किलोवॅटच्या यंत्राला दोन गन असतात. एकच गाडी असली तर पूर्ण ताकद तिला. दुसरी लागली की वाटणी, तीस-तीस. तर पहिली गाडी लावून बसलेले गृहस्थ दुसरी गन उचलणाऱ्याकडे असं बघतात, की त्याने त्यांच्या ताटातली पोळी उचलली. काही जण गाडी मुद्दाम तिरकी लावतात, म्हणजे दुसऱ्या गनची केबलच पुरू नये. त्यांना शांतपणे सांगावं, "साहेब, जरा सरका." उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये असाल तर "साईं, थोडा सरको." आणि हेही सांगावं, की बऱ्याच छोट्या गाड्यांना तीसच्या वर फारसं घेताच येत नाही. वाटणीने त्यांचं काहीही जात नाही. जातो तो फक्त मान.

यंत्राला एखादी गन मोकळी लटकलेली दिसली म्हणून नवख्याने हर्षवायू होऊ देऊ नये. ती जुन्या जीबी/टी पद्धतीची असू शकते, आपल्या सीसीएस-२ गाडीला ती बसत नाही. जोर लावू नये. तसंच डीसी चार्जरसमोर एखादी एमजी कॉमेट ऐटीत उभी दिसली तर नंबर लावू नये. त्या गाडीला डीसी जलद चार्जिंगची सोयच नाही. ती चार्जिंगला आलेली नाही, बाजाराला आली आहे.

बाजाराचाच विषय निघाला म्हणून. उल्हासनगरात चार्जरसमोरच्या जागेचा सर्वात मोठा शत्रू पेट्रोलगाडी नाही, सोफा आहे. फर्निचर बाजाराच्या आसपास टेम्पोला जी मोकळी जागा दिसते ती उतरवण्याची जागा. जमिनीवर हिरव्या रंगाचा पट्टा आणि वर प्लगचं चित्र आहे, तर ते कंपनीने टेम्पोसाठीच रंगवलंय अशी प्रामाणिक समजूत असते. हमालांशी वाद घालू नये. सोफ्याचा एक कोपरा धरून हात लावावा, जागा लवकर मोकळी होते. अंबरनाथला हीच भूमिका रिक्षा पार पाडतात, आणि बदलापूरला सणासुदीला मंडप.

रुमाल टाकून सीट अडवण्याची प्रथा चार्जरवर लागू नाही. वीट, हेल्मेट, प्लास्टिकची खुर्ची यांना नंबर नसतो. धाकट्या मुलाला उभं करून ठेवणं मात्र ग्राह्य धरावं, अट एवढीच की मुलाला गाडीचा नंबर पाठ पाहिजे.

रिटर्न मारण्याच्या प्रथेबद्दल थोडं. सकाळी अंबरनाथचा माणूस उलटा बदलापूरला जातो आणि त्याच गाडीत बसून मुंबईला येतो. बदलापूरकर फलाटावर उभा असतो आणि गाडी भरलेली लागते. यावरून दोन शहरांत जे काही बोललं जातं ते इथे छापण्याजोगं नाही. चार्जिंगमध्ये हा प्रकार दुहेरी झाला आहे. बदलापूरचा मालक ॲपमध्ये अंबरनाथचा चार्जर रिकामा बघून तिकडे निघतो. त्याच वेळी अंबरनाथचा मालक बदलापूरचा रिकामा बघून इकडे निघतो. वाटेत दोघे एकमेकांची हिरवी पाटी पाहून हात करतात. पोहोचेपर्यंत दोन्हीकडे तिसराच कोणीतरी लागलेला असतो. ॲपवरचं "उपलब्ध" हे रेल्वेच्या इंडिकेटरसारखं वाचावं, श्रद्धेने पण सामानासकट तयार राहून.

ॲपविषयी फार लिहीत नाही. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, बहुतेकांचं वेगळं पाकीट, त्यात आधी पैसे भरायचे, आणि चार्जिंग संपल्यावर उरलेले एकतीस रुपये त्याच पाकिटात कायमचे. महावितरणचंही स्वतःचं पॉवरअप नावाचं ॲप आहे. सगळी घरूनच उतरवून घ्यावीत. तळघरात ओटीपी येत नाही.

वीज गेली तर गन कोणाची, हा आपल्या भागातला सर्वात गहन कायदेशीर प्रश्न. समजा आपले चौपन्न टक्के झाले आणि वीज गेली. पाऊण तासाने आली. मधल्या काळात यंत्राने आपलं सत्र बंद करून टाकलंय, पुन्हा सुरुवातीपासून सुरू करावं लागणार. मागचा म्हणतो, "तुमचं संपलं, आता माझा नंबर." डब्यातला कायदा इथे स्वच्छ आहे: गाडी सिग्नलला अर्धा तास उभी राहिली म्हणून बसलेल्याची सीट जात नाही. तेव्हा गन आपलीच. पण त्या पाऊण तासात आपण वडापाव खायला गेला असाल आणि वीज आल्यावर जागेवर नसाल, तर आपण मधल्या स्टेशनात फलाटावर उतरलेला माणूस आहात. कोणीही बसेल.

हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असली तर गाडी खाजगी, पिवळी असली तर भाड्याची. पिवळ्या अक्षरांवरून रांगेत फार कुजबुज होते. "हे टॅक्सीवाले दिवसभर चार्जर अडवतात, आत एसी लावून झोपतात." थोडं थांबून बघा. तो ड्रायव्हर पहाटे विमानतळाचं भाडं सोडून आलाय, गाडी बंद म्हणजे त्याची कमाई बंद, आणि आपल्याला संध्याकाळी बारवी धरणाकडे फिरायला जायचंय. माझ्या मते त्याला पुढे जाऊ द्यावं. "दादा, तुम्ही घ्या आधी" म्हणायला काही लागत नाही. मात्र ऐंशीचा नियम त्यालाही आहे, आणि झोपायचं तर गाडीची काच चार बोटं उघडी ठेवून, म्हणजे उठवता येईल.

काही कंपन्या चार्जिंग पूर्ण होऊनही गाडी न हलवणाऱ्याला मिनिटाच्या हिशोबाने दंड लावतात. उपाय चांगला आहे, पण उल्हासनगरात तो चालेल का, याची शंका येते. या शहरातली अनधिकृत बांधकामं शुल्क भरून नियमित करण्यासाठी २००६ साली राज्याने खास एका शहरापुरता कायदा केला. पैसे भरले की अनधिकृतचं अधिकृत होतं, हे जिथे विधिमंडळाने शिकवलं, तिथला व्यापारी दंडाची रक्कम भरेल, पावती जपून ठेवेल आणि गाडी तिथेच ठेवेल. त्यापेक्षा काचेवर आपला मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी लावावी आणि फोन आला तर उचलावा. हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे.

पावसाळ्याची सूचना. सार्वजनिक चार्जर आणि गन पावसात वापरता येतील अशाच बनवलेल्या असतात; सरीत भिजत गन लावली म्हणून काही होत नाही. पण उल्हास नदी पात्र सोडून आत येते तेव्हा गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ ज्यांनी बदलापुरात पाहिला, आणि २०१९च्या जुलैत वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस ज्यांना आठवते, त्यांना जास्त सांगायला नको. नदी वाढल्याची बातमी आली की तळघरातल्या चार्जरवरून गाडी काढावी. त्या दिवशी शंभर टक्के झाले की नाही, हे बघू नये.

शेवटची विनंती लाल बटणाबद्दल. प्रत्येक यंत्रावर एक मोठं लाल बटण असतं. ते दाबलं की यंत्र जागच्या जागी बंद पडतं, दोन्ही गनवरच्या गाड्यांचं चार्जिंग तुटतं, आणि काही यंत्रं नंतर कंपनीचा माणूस येईपर्यंत सुरूच होत नाहीत. धूर निघाला, ठिणगी उडाली, कोणाला शॉक बसला, तर ते दाबायचं. पुढचा माणूस सत्त्याण्णव टक्क्यांवर बसून मोबाइलवर क्रिकेट बघतोय, ही आणीबाणी नाही. बटणाला हात लावू नका, त्याच्या गाडीच्या काचेवर टकटक करा.