यशाचे वाटेकरी

यूपीएससीचा निकाल लागला की पुण्याच्या सदाशिव पेठेत रातोरात फ्लेक्स उगवतात. एकच गुणवंत चार क्लासच्या फ्लेक्सवर, आणि चारही ठिकाणी ‘आमचा विद्यार्थी’. बिचारा त्यातल्या एकाकडे तासभर मॉक इंटरव्ह्यू द्यायला गेलेला असतो. तिथे चहा पाजून फोटो काढून घेतात. २०२४च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले, निवड झाली १,००९ जणांची. उरलेल्यांचे फ्लेक्स लागत नाहीत. फ्लेक्सला पैसे मात्र त्यांच्याच फीचे लागतात. मग त्यांतलाच एखादा सगळे अटेम्प्ट संपवून पेठेतच हॉल भाड्याने घेतो आणि ‘यशाचा राजमार्ग’ शिकवू लागतो. गर्दीही होते. रस्ता कुठे चुकतो हे त्याला तोंडपाठ असतंच, शिवाय गावाकडे तो केव्हाच ‘सर’ झालेला असतो.