एल-वन मावशी

एरवी कोरमअभावी तहकूब होणारी आमच्या अंधेरीच्या व्यापारी संकुलाची समिती हाऊसकीपिंगची एजन्सी निवडायच्या दिवशी मात्र झाडून हजर असते. एजन्सीवाले सामोसे आणतात हे एक कारण. दुसरं असं की साफसफाई आणि देखभालीला योग्य माणसं कशी निवडावीत याचं आम्ही आता शास्त्रच बनवलं आहे. नुकतीच ओसी मिळालेल्या इमारतींच्या उपयोगी पडावं म्हणून ते इथे देतो.

पहिली गोष्ट, माणसं बघायची नाहीत. प्रेझेंटेशन बघायचं. पडद्यावर पिवळी हेल्मेट घातलेली गोरी मंडळी काचेकडे पाहून हसत असतात. काच पुसताना इतका आनंद कुठल्या देशात होतो, असले प्रश्न काढायचे नाहीत. मग यंत्रं येतात : सिंगल डिस्क, स्क्रबर, वेट अँड ड्राय व्हॅक्युम. मागच्या एजन्सीने यातलं एक खरोखरच आणलं होतं. ते बेसमेंटमध्ये आहे. त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, पण आमच्या सफाईवाल्या मावशी दर सोमवारी त्या प्लॅस्टिकवरची धूळ पुसतात, म्हणजे वापर अगदीच नाही असं म्हणता येणार नाही.

यानंतर दर. इथे खजिनदार पुढे सरसावतात. कोष्टकात किमान वेतन, दर जानेवारी-जुलैला बदलणारा विशेष भत्ता, पीएफचे 12 टक्के, ईएसआयचे 3.25, बोनसचे 8.33, साप्ताहिक सुट्टीला लागणारा रिलिव्हर, गणवेश, केमिकल आणि शेवटी एजन्सीचा सर्व्हिस चार्ज. सगळ्याच्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी. वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस हे कायद्याने ठरलेलं, त्यात कुणाला घासाघीस करता येत नाही. उरतो सर्व्हिस चार्ज. एका एजन्सीने तो दहा टक्के लावला, तिला सामोसे संपायच्या आत निरोप दिला. दुसरीने पाच. तिसरीने शून्य लावला आणि म्हणाली, "साहेब, आम्ही नात्यासाठी काम करतो." खजिनदारांचे डोळे पाणावले. सगळ्यात कमी दर, म्हणजे टेंडरच्या भाषेत एल-वन. तिलाच काम दिलं.

शून्य टक्क्यावर चालणाऱ्या एजन्सीचे मालक एवढ्या मोठ्या गाडीतून कसे आले, असं एका नव्या सभासदाने विचारलं. तसं पाहिलं तर सगळं नियमानुसार आहे. पगार बँकेत पूर्ण जमा होतो. एटीएम कार्डं तेवढी सुपरवायझरकडे सुरक्षित असतात, कारण बायका पिन विसरतात. याच सभासदाने पुढे असंही सांगितलं की ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे आपल्यावरच येते, कंत्राटी कामगारांच्या कायद्यात तसं लिहिलंय. सचिवांनी त्यांना शांतपणे समजावलं की महाराष्ट्रात तो कायदा 50 कामगारांपासून लागू होतो, आणि एजन्सीच्या हजेरीपटावर 49 आहेत. काल 49 होते, परवाही 49 असतील. त्या सभासदांना पुढच्या सभेची नोटीस जरा उशिराने गेली.

देखभालीला माणूस घेताना तो मल्टिस्किल्ड असावा. आमचा एकच मुलगा वायरमन, प्लंबर, एसी मेकॅनिक आणि पंप ऑपरेटर आहे. चौघांचा मिळून पगार एकाचा. वायरमनचा परवाना त्याच्याकडे नाही, पण परवान्याची झेरॉक्स आहे. कुणाच्या परवान्याची, हे फोटो काळा आल्यामुळे कळत नाही. आगीच्या बाबतीत मात्र आम्ही काटेकोर आहोत. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे सगळी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. त्यामुळे आमचा फायर पंप वर्षातून दोनदा चालतो, फोटो निघेपर्यंत.

ड्रेनेजच्या चेंबरबद्दल पूर्वी मतभेद होते. संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला 2013 पासून कायद्याने बंदी आहे, पण सक्शनच्या गाडीचं बिल पाहून खजिनदारांना दरवेळी एखादा होतकरू मुलगा आठवायचा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाख ठरवली तेव्हाही ते डळमळले नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने ती तीस लाखांवर नेली. त्याच संध्याकाळी खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला, आणि आता आमच्याकडे सक्शनचीच गाडी येते. माणसाचा जीव मोलाचा असतो, हे त्यांना पटलं, फक्त मोल आकड्यात कळावं लागतं.

कामाच्या दर्जावर लक्ष ठेवायला प्रत्येक टॉयलेटच्या दाराआड चेकलिस्ट लावली आहे. दर तासाला सही. सकाळी नऊलाच संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या होतात. भविष्याची इतकी खात्री आमच्या संकुलातल्या शेअर ब्रोकरांनाही नसते. ही टॉयलेटं साफ करणाऱ्यांनी ती वापरायची नाहीत, हा नियम स्वच्छतेसाठीच आहे. त्यांच्यासाठी पंपरूमशेजारी वेगळी सोय आहे. तिथे कडी नाही, पण ती साफ करायचीही त्यांनीच असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न आपोआप सुटतो. जेवायला जिन्याखालची जागा आहे. मीटर रूमच्या बाजूलाच असल्यामुळे थंडीत ऊब मिळते, आणि मुंबईत थंडी नसते हा काही समितीचा दोष नाही.

आता खरी मेख. एवढी निवड करून नव्या एजन्सीची माणसं आली ती कोण, तर तीच. मावशी त्याच, मामा तेच. गणवेश फक्त निळ्याचा मरून झाला. नवी एजन्सी जुनीच माणसं उचलते, आणि तारीख नवी घालून त्यांना नवं नियुक्तिपत्र देते. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. आमची एजन्सी तीन वर्षांच्या आत बदलते. इमारत उभी राहिल्यापासून मावशी इथे आहेत आणि कागदावर दर वेळी कालच रुजू झालेल्या असतात. पुढे त्यांना अनुभव नाही म्हणून अकुशल वर्गात धरलं जातं.

समितीने नव्या एजन्सीचं कामकाज पाहून "स्टाफच्या गुणवत्तेत लक्षणीय सुधारणा" असा ठराव एकमताने केला. मरून रंग खरंच चांगला दिसतो.

मागच्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर पाइप फुटला. एजन्सीच्या फॅसिलिटी मॅनेजरने लॅपटॉपवर इमारतीचा नकाशा उघडला. मल्टिस्किल्ड मुलगा दुसऱ्या इमारतीत मल्टिस्किल्ड होता. पाणी लिफ्टच्या दाराशी पोहोचलं तेव्हा मावशींनी पोछा भिंतीला टेकवला, डक्टचं दार उघडलं, पाइपांच्या मागे हात घालून व्हॉल्व्ह बंद केला आणि पुन्हा पोछा घेतला. हा व्हॉल्व्ह तिथे आहे हे नकाशालाही माहीत नव्हतं.

तातडीची सभा झाली. अध्यक्षांना शाल-श्रीफळ सुचलं. खजिनदारांनी करारपत्र वाचून दाखवलं : व्हॉल्व्ह हाताळणं कुशल वर्गाचं काम, अकुशल कामगाराने ते केल्यास एजन्सीला पाचशे रुपये दंड, आणि एजन्सी तो पगारातून कापणार. त्यावर नव्या सभासदाने विचारलं, म्हणजे मावशी कुशल कामगार आहेत हे समितीला मान्य आहे ना? मग फरकाची थकबाकी केव्हापासून धरायची?

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं : चौथ्या मजल्यावरचं पाणी आपोआप थांबलं.