चीज घालू की नको?

मेक्सिको सिटीत राहणाऱ्याला उरलेला मेक्सिको 'चिलांगो' म्हणतो. ही मूळची शिवीच, पण चिलांगोने ती पदवीसारखी मिरवायला घेतली आहे. हा प्राणी पाहायचा असेल तर शहरातल्या कोयोआकान भागाच्या बाजारात, मक्याची पोळी (टॉर्टिया) दुमडून केलेल्या केसादियाच्या तव्यापाशी उभं राहावं. तव्यामागची बाई विचारते, "चीज घालून की चीजशिवाय, ग्वेरो?" ('ग्वेरो' म्हणजे गोऱ्या. गिऱ्हाईक कितीही काळंसावळं असो, मेक्सिकोतल्या विक्रेत्यांच्या लेखी सगळे गोरेच.) चिलांगो निर्विकारपणे सांगतो, "चीजशिवाय. एक भोपळ्याच्या फुलांची, एक वित्लाकोचेची." वित्लाकोचे म्हणजे मक्याच्या कणसावर धरणारी काळी बुरशी. तीही तो मिटक्या मारत खातो.

मागे उभा असलेला उत्तरेतल्या मोंतेर्रे शहराचा पाहुणा मात्र हादरतो. स्पॅनिशमध्ये चीजला 'केसो' म्हणतात. केसादियाच्या नावातच ते बसलंय. पुरणपोळी करणारीने "पुरण घालू का?" असं विचारावं, तसलाच हा प्रकार!

पण चिलांगो वादात हरत नाही, कारण हरल्याचं त्याला कळतच नाही. त्याच्या मते मक्याची टॉर्टिया भरून दुमडली की झाली केसादिया. आत बटाटा असो, मशरूम असो नाहीतर चिचारोन, म्हणजे डुकराची तळलेली कातडी. फारच ताणून धरलं, तर तो आवाज खाली आणून सांगतो, की शब्द मुळात स्पॅनिश नाहीच, अ‍ॅझ्टेकांच्या नावात्ल भाषेतल्या 'केत्सादित्सिन'वरून आलाय. ही शुद्ध थाप. नावात्लमध्ये 'द' हा ध्वनीच नाही, तेव्हा थापेसाठीही अक्षर स्पॅनिशकडूनच उसनं आणलेलं. मग तो इतिहासात शिरतो: 1521 मध्ये स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोचतित्लान घेतली, गायीगुरं त्यांच्याबरोबर आली, त्याआधी इथे चीज होतंच कुठे? टॉर्टिया मात्र होती! मुद्दा बिनतोड आहे. फक्त तेव्हा तिला केसादिया कोण म्हणत होतं, हे विचारायचं नाही.

आणि शेवटचा हुकमी पत्ता म्हणजे माद्रिदच्या स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश. त्यात मेक्सिकोतल्या केसादियात चीज 'किंवा इतर पदार्थ' असतात, अशी नोंद आहे. एरवी माद्रिदचं काहीही न ऐकणारा चिलांगो या एका नोंदीपुरता राजनिष्ठ होतो.

माझ्या मते भोपळ्याच्या फुलांसोबत वहाका राज्याचं तारा सुटणारं चीज हवंच, पण हे त्याच्यासमोर बोलायची सोय नाही. तुम्ही त्या तव्यापाशी गेलात, तर आधीच "कोन केसो", म्हणजे 'चीज घालून', म्हणा. नाहीतर चीजशिवायची केसादिया हातात पडेल, आणि तक्रार ऐकायला तिथे कोणी थांबणार नाही.