शोषखड्डा हवा, पण शेजाऱ्याच्या दारात

अजिंठ्याच्या डोंगरात वाट कोरत वाघूर नदी पहूरला आली, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. आता गल्लीत शोषखड्डा म्हटला की हरकतींचाच पूर येतो. डास होतील! डासाला अंड्यातून उडायला आठवडाभर लागतो. दगडगोट्यांनी नीट भरलेल्या खड्ड्यात पाणी तेवढं थांबत नाही. उघड्या गटारातले डास मात्र घरचेच. पाया खचेल! काळ्या मातीत हे थोडं खरंय, म्हणून तर खड्डा पायापासून लांब घेतात. पण लांब म्हणजे बुलेट लावायच्या जागी. तिथे वास्तुशास्त्र आडवं येतं. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून पाणी जिरवलं, त्याचं कौतुक ओट्यावर रोज. शिरपूर लांब आहे ना! अंगणभर पेव्हर ब्लॉक, आणि मेमध्ये टँकरवाल्याला फोन: "भाऊ, आधी आमच्याकडे."